दुखून राहिलं

रायपूरच्या मराठीला पुण्या-मुंबईचे पाहुणे हसतात. आम्ही ‘पाऊस येतोय’ म्हणत नाही, ‘पाऊस येऊन राहिला’ म्हणतो. ‘बाबा पेपर वाचून राहिले’, ‘दूध उतू जाऊन राहिलं’, ‘तू काय करून राहिली?’ ही लकब नागपूरकडून आमच्याकडे आली. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडावर बसला, त्यांच्यामागून कारकून आणि भिक्षुक आले. पुढे रेल्वे, शाळा, कचेऱ्यांच्या नोकऱ्यांसाठी विदर्भातली आणखी कुटुंबं आली. तात्यापारा, बूढ़ापारा, ब्राह्मणपारा या जुन्या वस्त्यांत मराठी घरं वाढली. व्याकरणाची काळजी वाहणारी माणसं सांगतात की ‘करून राहिलो’ हे मराठी नव्हेच, हिंदीतल्या ‘कर रहा हूँ’ची ती सावली आहे. असेल.

गेल्या दीड वर्षात मात्र या सावलीवाचून आमचं भागलं नसतं. आईचं मनगट मोडलं, हाड सांधलं, आणि दुखणं गेलं नाही. ‘दुखलं’ म्हणजे होऊन गेलेलं. ‘दुखतंय’ म्हणजे आत्ताचं. आईच्या हाताला जे झालं होतं ते या दोन्हींत बसत नव्हतं. ती म्हणायची, “दुखून राहिलं गं.” त्या ‘राहिलं’मध्ये बिऱ्हाड करून राहणं आहे. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला वैद्यकात दीर्घकालीन म्हणतात. आईचं वाक्य त्याहून आखूड आहे आणि तेच सांगतं.

आई सत्तरीची. लग्न होऊन अकोल्याहून रायपूरला आली तेव्हापासून ती बायकांचे ब्लाउज शिवते. बाबा रेल्वेच्या वॅगन रिपेअर शॉपमधून निवृत्त झाले, आई निवृत्त झाली नाही. पुढच्या खोलीत मशीन, भिंतीला गिऱ्हाइकांसाठी आरसा, खुंटीवर कापडी पिशव्या, प्रत्येक पिशवीत मापाचा एक जुना ब्लाउज आणि नवं कापड. श्रावणातल्या एका सकाळी अंगणातल्या शेवाळावरून ती घसरली आणि उजवा तळहात टेकून पडली. मनगटाजवळचं हाड मोडलं. हातावर पडून होणाऱ्या या मोडीचं वर्णन डब्लिनच्या अब्राहम कॉलिस या शल्यवैद्याने १८१४मध्ये, म्हणजे एक्स-रे निघण्याच्या ऐंशी वर्षं आधी केलं. हात थोडा वाकडा राहिला तरी कालांतराने तो मोकळेपणी हलतो आणि दुखायचा थांबतो, असा दिलासाही त्याने लिहून ठेवला होता. बहुतेकांच्या बाबतीत तो खराच ठरतो.

सहा आठवड्यांनी प्लॅस्टर निघालं तेव्हा एक्स-रे चांगला होता आणि हात वाईट. तळहात सुजलेला, चकाकणारा, कधी लालबुंद, कधी जांभळट. डाव्या हातापेक्षा गरम. त्याच एका हाताला घाम. बोटं मुठीत मिटत नव्हती. फुंकर मारली तरी आई हात मागे घ्यायची. पंखा लावू देत नव्हती, आणि रायपूरचा सप्टेंबर म्हणजे उकाडा. तिने ओल्या फडक्यात हात गुंडाळून ठेवायला सुरुवात केली. एका दवाखान्यात सांगितलं, वयाने वेळ लागतो. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, हाड उत्तम आहे, आता मनावर घ्या. नात्यातल्या एका बाईंनी टोरीचं तेल गरम करून आणलं, जोर लावून चोळायचं म्हणून. दुसऱ्या एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, “काम टाळायला तर नाही ना?” जी बाई तापातही हेमिंग करत बसायची तिच्याबद्दल हा प्रश्न. तो आईच्या कानावर गेला. हाताच्या आगीपेक्षा तो तिला जास्त लागला, असं मला वाटतं, कारण त्यानंतर ती दुखतं म्हणायचीच थांबली.

दिवाळीआधी आम्ही वेदनेवर उपचार करणाऱ्या एका तरुण डॉक्टरकडे गेलो. बाबांना कमी ऐकू येतं, म्हणून सोबत मी. आई हिंदी चांगली बोलते, छत्तीसगढ़ी तर भाजीवालीशी घासाघीस करण्याइतकी. पण आमच्या घरात वाटणी ठरलेली आहे: सौदा हिंदीत, भांडण छत्तीसगढ़ीत, दुखणं मराठीत. डॉक्टरने हिंदीत विचारलं, शून्य ते दहामध्ये दर्द कितना? आईने माझ्याकडे पाहिलं. “दहा म्हणजे काय?” डॉक्टर म्हणाला, तुम्ही कल्पना करू शकाल असं सर्वांत जास्त दुखणं. आईने दोन बाळंतपणं आणि एक मुतखडा सोसलेला. ती थोडा वेळ गप्प बसली, मग मला म्हणाली, “त्याला सांग, कापड मीटरने मोजतात. रंग मीटरने मोजत नाहीत.”

मी सांगितलं. त्या मुलाने आकड्याचा कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, मग रंगच सांगा.

माझं खरं काम तिथे सुरू झालं. मराठीत दुखण्याचे शब्द पुष्कळ आहेत आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. ठणक्याला ताल असतो, तो जखमेचा. ठसठस गळवाची. रग कष्टाची, रात्री झोपलं की सकाळी उतरते. कळ आतून येते आणि जाते. सल बारीक, एका ठिकाणी, काटा राहून गेल्यासारखा. आईच्या बोलण्यात यातलं एकही नव्हतं. तिचे शब्द तीन: भगभग, चमक, मुंग्या. चमकेला मी ‘करंट जैसा’ म्हटलं, मुंग्यांना ‘झुनझुनी’. भगभगीपाशी अडले. ‘जलन’ म्हटलं तर चटका बसल्याचीही जलनच. शेवटी सांगितलं, पाव किलो हिरव्या मिरच्या चिरल्यावर रात्री हात जसे होतात, तसं. डॉक्टर हसला; त्याच्या आईचे हात त्याला आठवले असावेत. त्याने ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले.

नंतर वाचताना कळलं की हा सोपस्कार नव्हता. कॅनडातल्या रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५मध्ये दुखण्याची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली तिच्यात आकड्यांऐवजी ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. मज्जातंतूंचं दुखणं इतर दुखण्यांपासून वेगळं काढताना आजही डॉक्टर आधी शब्दच विचारतात: जळतं का, विजेसारखं जातं का, मुंग्या येतात का, हलक्या स्पर्शानेही दुखतं का. रक्ताच्या तपासणीत ते सापडत नाही. रायपूर हे भाषांतराचं गाव आहे. मराठी घरातले माधवराव सप्रे इथे राहिले, ‘गीतारहस्य’ आणि ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत नेले. त्यांच्या पंगतीला बसायची माझी पात्रता नाही. पण ‘भगभग’ हिंदीत नेताना माझ्या पोटात जो गोळा आला होता तो त्यांना ओळखू आला असता. शब्द चुकला असता तर औषध चुकलं असतं.

डॉक्टरने दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले. रंग, ऊब, घाम, सूज, नखं, हालचाल. मग नाव सांगितलं: कॉम्प्लेक्स रिजनल पेन सिंड्रोम. बुडापेस्टमध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी २००३मध्ये ठरवलेल्या निकषांवर ते ओळखतात, आणि ते निकष म्हणजे विचारणं आणि पाहणं. यंत्र लागत नाही. मोडलेल्या मनगटानंतर ते होतं, पुरुषांपेक्षा बायकांना जास्त. जुने अस्थितज्ज्ञ अजून त्याला ‘सुडेक’ म्हणतात, १९००मध्ये त्यावर लिहिणाऱ्या जर्मन शल्यवैद्याच्या नावाने. त्याहून आधी, अमेरिकेतल्या यादवी युद्धात, सायलस वेअर मिचेल या डॉक्टरने मज्जातंतूला गोळी लागलेले शिपाई पाहिले होते. जखम भरूनही त्यांचे हातपाय आगीत असल्यासारखे जळत. ते हात सतत ओल्या फडक्यात ठेवत, कोरडा स्पर्श सोसत नसे. त्यांच्यावरचं त्याचं पुस्तक १८६४चं आहे. हे मी आईला वाचून दाखवलं. आपल्यासारखंच कुणी शंभर-दीडशे वर्षांपूर्वी हाताला ओलं फडकं बांधून बसत होतं, हे ऐकून ती म्हणाली, “म्हणजे मी नाटक नव्हते करून राहिले.” नावाचा पहिला उपयोग हा झाला.

उपचाराचं डॉक्टरने सरळ सांगितलं. गोळी देतो, रात्री झोप यावी आणि आग थोडी खाली यावी म्हणून. मानेतल्या मज्जातंतूंच्या पुंजक्यात सुई घालून बधिर करण्याचा मार्ग आहे, तो पुढचा. आधी हात वापरायला शिकवायचं, सुई-सुरी न लावता. आईने विचारलं, “मोडलं तेव्हा हलवू नका म्हणाले, आता हलवा म्हणून राहिले?” प्रश्न रास्त होता. डॉक्टरने सांगितलं की हाडाचं दुखणं राखण करतं: हलू नको, मी सांधतोय. हाड सांधल्यावर राखणदाराने जायला हवं. इथे तो गेला नाही, उलट वाऱ्यालाही चोर म्हणून ओरडू लागला. पाठीचा कणा आणि मेंदू यांच्यातली निरोपानिरोपी इतकी ताणली गेली आहे की साध्या स्पर्शाचा निरोपही दुखणं म्हणून पोचतो. घरी आल्यावर मी हे बाबांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. त्यांनी मान हलवली. “गाडी गेली आणि सिग्नल तांबडाच राहिला.” आमच्या घरात पुढे त्याला सिग्नलचं दुखणंच म्हणू लागले.

सुई-सुरी नाही म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, सोपं असेल. शस्त्रक्रिया एका दिवसात होते, ती दुसरा माणूस करतो, आपण भूल घेऊन पडून राहतो. हे उलटं होतं. रोज पाच वेळा, दर वेळी थोडं, महिनोन्महिने, आणि करायचं दुखणाऱ्यानेच. आठवड्यातून दोनदा ऑटोने फिजिओथेरपीला जायचं. एका खेपेचे पैसे आईच्या अस्तराच्या एका ब्लाउजच्या शिलाईएवढे. म्हणजे आठवड्याला दोन ब्लाउज, आणि शिवणं तर बंद. दिवाळीच्या पिशव्या खुंटीवरून उतरवून गिऱ्हाइकांना परत गेल्या. पन्नास वर्षांत हे पहिल्यांदा झालं. आई त्या दिवशी जेवली नाही.

फिजिओथेरपिस्ट मुलगी चांप्याकडची, पंचविशीची. ती आईला ‘दाई’ म्हणायची. छत्तीसगढ़ीत दाई म्हणजे आई. मराठीत दाई म्हणजे बाळंतपण करणारी, दुसऱ्याचं मूल पाजणारी. आई म्हणाली, दोन्ही चालेल. पहिल्या दिवशी तिने हाताला हातही लावला नाही. नुसतं सांगितलं, “दाई, पिराही, फेर नुकसान नइ होवय.” दुखेल, पण इजा होणार नाही. दुखणं आणि इजा या दोन गोष्टी वेगळ्या काढणं, हेच या उपचाराचं मूळ. ती म्हणाली, दुखणं थोडं चढलं आणि थोड्या वेळात उतरलं तर ठीक. दुसऱ्या दिवशीही चढलेलंच राहिलं तर आपण जास्त केलं, मागे यायचं. दात-ओठ खाऊन करायचं नाही, आणि भीतीने थांबायचंही नाही. टोरीच्या तेलाला तिने नावं ठेवली नाहीत. चोळायचं नाही, म्हणाली, कोपराजवळ दुखत नाही तिथे बोटाने लावा आणि रोज एक बोट खाली या.

मग तिने एक डबा काढला. त्यात कापूस, ब्रश, खरखरीत कागद, वेगवेगळ्या कापडांचे तुकडे. हलक्या स्पर्शापासून रखरखीत स्पर्शापर्यंत हाताला हळूहळू सवय लावायची. आईने डब्यातले कापडाचे चार तुकडे डाव्या हाताने चाचपले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “यापेक्षा माझ्याकडे जास्त आहेत.”

दुसऱ्या दिवशी चिंध्यांचं गाठोडं उघडलं. आईने एका हाताने तुकडे लावले: साटन, मलमल, रुबिया, केंब्रिक, पॉपलिन, खण, टेरिकॉट, टर्किश टॉवेल, गोणपाट. क्रम तिने स्वतः ठरवला, दोनदा बदलला, खण आणि टेरिकॉट यांची जागा ठरवायला अर्धा दिवस घेतला. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की ही बरी होईल. ती पेशंटसारखी बोलत नव्हती, दुकानात बोलते तशी बोलत होती. कोपरापासून सुरुवात, तिथे कापड कापडासारखं लागत होतं. मग मनगटाकडे. मनगटाशी साटनही मिरचीसारखं. अर्धा मिनिट, थांबणं, पुन्हा अर्धा मिनिट. थेरपिस्टने घरून कोशाची एक पट्टी आणली. चांप्याचा कोसा नावाजलेला, तिच्या मामांकडे माग होता. आईने डाव्या अंगठ्याने धागा पाहिला आणि सांगितलं की बाणा हाताने कातलेला आहे. कोशाला क्रमात खणानंतर जागा मिळाली.

स्पर्श सोसणं ही पहिली पायरी. दुसरी त्याहून अवघड निघाली. थेरपिस्टने डोळे मिटायला सांगितलं: कोणतं कापड, ओळखा. डाव्या हाताने आई न चुकता सांगायची. उजव्या हाताला पॉपलिन आणि केंब्रिक एकच वाटले. तिने पुन्हा करायला लावलं. पुन्हा तेच. “हात गेला गं माझा,” ती म्हणाली. इतक्या महिन्यांत दुखण्याने ती रडली नव्हती, यावर रडली. शिवणाऱ्या बाईचे डोळे बोटांत असतात. थेरपिस्टने तिला समजावलं की दुखणाऱ्या हाताचा मेंदूतला नकाशा पुसट होतो असं मानतात, आणि स्पर्श नुसता सोसण्यापेक्षा तो नीट ओळखायचा सराव केला तर दुखणं उतरायलाही मदत होते. म्हणून ओळखणं हा खेळ नाही, तो व्यायामच आहे. त्या दिवसापासून आमचा शून्य ते दहा बदलला. दुखणं किती, हे कुणी विचारायचं नाही. कापडं किती ओळखली, ते विचारायचं.

स्वयंपाकघरही कामाला लागलं. छत्तीसगडला धानाचा कटोरा म्हणतात; आमच्याकडे परात होती. आधी परातीत तांदूळ, त्यात हात खुपसून हळूहळू मूठ उघडायची आणि मिटायची. मग मसूर, मग हरभरे. शेवटी टरफलासकट धान, जे चांगल्या हातालाही टोचतं. आईने तांदळात बटणं टाकली आणि न पाहता शोधायची ठरवली: आधी कोटाची मोठी, मग शर्टाची, मग प्रेसबटणं. बाबा पेपर बाजूला ठेवून मोजत बसायचे.

आरशाचा भाग शेवटी आला. त्याला पूर्वतयारी लागते. आधी मोबाइलवर हातांची चित्रं पाहून हा डावा की उजवा, ते झटकन सांगायचं. दुखणाऱ्या बाजूचा हात ओळखायला अशा लोकांना जास्त वेळ लागतो. मग हात न हलवता, हलवतोय अशी कल्पना करायची. आई डोळे मिटून सुईत दोरा ओवायची. पहिल्या आठवड्यात नुसत्या कल्पनेनेही हात भगभगायचा, तेव्हा ती दोरा बाजूला ठेवून आधी नुसती सुई धरायची, तीही कल्पनेतली. चित्रं, कल्पना, आरसा ही क्रमवारी ऑस्ट्रेलियातल्या लॉरिमर मोझली यांनी २००४मध्ये मांडली. आरशाची युक्ती त्याआधीची. चेन्नईकडचे, कॅलिफोर्नियात स्थायिक झालेले व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९०च्या दशकात हात कापलेल्या माणसांसाठी ती योजली. नसलेला हात ज्यांना दुखत राहतो, अशांसाठी. २००३मध्ये इंग्लंडमधल्या बाथच्या संशोधकांनी आईसारख्या आठ रुग्णांना आरसा दिला. दुखणं नुकतं सुरू झालेल्यांना चांगला उतार पडला, वर्षानुवर्षं जुनं असलेल्यांना नाही. अभ्यास लहान आहेत आणि डॉक्टरही हे रामबाण आहे असं सांगत नाहीत. आमचा पाचवा महिना चालू होता. आम्ही नव्यांत की जुन्यांत, हे कुणी सांगू शकत नव्हतं.

भिंतीवरचा आरसा उतरवून मशीनच्या टेबलावर उभा केला. उजवा हात आरशामागे, डावा पुढे. डावा हलला की आरशात उजवा हलताना दिसतो. मोकळा, सूज नसलेला. आई बराच वेळ नुसती पाहत राहिली. मग डाव्या हाताची मूठ उघडली. “बघ, उघडून राहिला,” ती हळूच म्हणाली. कुठला, ते मी विचारलं नाही.

थेरपिस्टने तेव्हा तिच्या गावाकडचं सांगितलं. चांप्याजवळ कुष्ठरोग्यांचा आश्रम आहे. सदाशिवराव कात्रे यांनी १९६२मध्ये भारतीय कुष्ठ निवारक संघ काढला. त्यांना स्वतःला कुष्ठरोग झाला होता. पुढे अमरावती जिल्ह्यातून आलेल्या दामोदर गणेश बापट यांनी तिथे आयुष्य घातलं. २०१८मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. मराठी माणसं म्हणून आम्हाला ही नावं ठाऊक होती. तिला त्या आजारातली दुसरी गोष्ट सांगायची होती. कुष्ठरोगातही मज्जातंतूच जातात, पण बहुतेकदा उलट्या बाजूला: चटका बसतो, काच रुतते आणि कळत नाही. औषधाने जंतू मरतात, गेलेली संवेदना परत येईलच असं नाही. मग माणसाला रोज संध्याकाळी तळपाय उलटून पाहायला शिकवतात, पाय भिजवून तेल लावायला शिकवतात. जे कातडीला कळत नाही ते डोळ्यांनी कळून घ्यायचं. “तिथे डोळे सांगतात, इथे लागलंय. दाईचे डोळे सांगतात, इथे काही लागलेलं नाही.” दोन्हीकडे सुई नाही, सुरी नाही, रोजचं पाहणं आणि रोजचा हात. आई म्हणाली, त्यांच्यापुढे माझं काय. थेरपिस्ट म्हणाली, दाई, दुखण्याची कुणाशी तुलना करायची नसते, तुम्हीच आकडा नको म्हणाला होता ना.

वर्ष झालं त्याला. आईचा हात बरा झाला का, असं लोक विचारतात आणि हो-नाहीत उत्तर मागतात. सूज गेली. रंग दोन्ही हातांचा जवळपास एक आहे. मूठ मिटते, अंगठा करंगळीच्या मुळापर्यंत पोचत नाही. थंडीत, आणि घरात वाद झाला की त्याच रात्री, आग परत येते. तेव्हा ती न घाबरता गाठोड्यातली मलमल काढते आणि दोन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरू करते. गोळी निम्म्यावर आली. मानेतल्या सुईची वेळ आली नाही. इतरांवर ती येऊ शकते, त्यात कमीपणा नाही. उजव्या हाताने केंब्रिक आणि पॉपलिन वेगळे कळले ते फेब्रुवारीत, रुबिया होळीनंतर. त्या दिवशी तिने पंडरीच्या कापड बाजारात चलण्याचा हट्ट धरला आणि दुकानदाराच्या गठ्ठ्यांवरून उजवा हात फिरवत तासभर हिंडली. काही घेतलं नाही.

मला या सगळ्यात एक गोष्ट महत्त्वाची वाटते. अशा दुखण्याला बाहेरून पुरावा नसतो, म्हणून दुखणाऱ्याला आधी स्वतःची साक्ष द्यावी लागते आणि ती कुणीतरी खरी मानावी लागते. ज्या दिवशी डॉक्टरने आकड्याचा कागद बाजूला ठेवला, त्या दिवशी आईचं ऐकलं गेलं. ज्या दिवशी थेरपिस्टने स्वतःचा डबा मिटून आईचं गाठोडं उघडू दिलं, त्या दिवशी आईचं ज्ञान उपचारात आलं. आपल्याकडे मोठी रुग्णालयं झाली. रायपूरला २०१२पासून एम्स आहे. पण मनगटाचं प्लॅस्टर काढताना ‘हात गरम लागतो का, वारा सोसतो का’ एवढं विचारायला मोठं रुग्णालय लागत नाही. कुणीही विचारू शकतं, कुठल्याही भाषेत. वेळेवर विचारलं तर पुष्कळांचं दुखणं बिऱ्हाड करण्याआधीच निघून जातं.

या दिवाळीला आईने चार पिशव्या खुंटीला लावल्या, चारच. कापणं आणि मशीन ती करते, मध्ये थांबून थांबून. हूक आणि आय लावायला मात्र अंगठ्याची चिमट पुरत नाही. ते काम बाबांनी घेतलं आहे. रात्री जेवणानंतर ते चष्मा नाकावर ओढून, दिवा जवळ घेऊन बसतात. त्यांचा टाका मोठा येतो. आई उजव्या हाताचं बोट त्यावरून फिरवते आणि उसवायला लावते.